ब्लॉकचा राहिलेला कोपरा

इंजिनाचा ब्लॉक मशीनवरून घरी आला की पहिल्यांदा तो आलिंग इलार्याच्या नजरेआड करावा, अशी एक सूचना आमच्या लिपा गावातल्या गॅरेजवाल्यांत हल्ली फिरते आहे म्हणे. ती इलार्या म्हणजे मीच. इलार्या हे नाव आईने ठेवलं, आलिंग हा मान गावाने दिला, आणि या मे महिन्यापर्यंत मी दोन्हींना डाग लागू दिला नव्हता. सूचना चुकीची नाही. पण ज्याला ती द्यायची असेल त्याने माझ्या दारात येऊन द्यावी. कॉफी पाजीन, मग बघून घेईन.

झालं असं की आमची जीपनी, म्हणजे भाड्याची लांबडी जीप, धूर ओकायला लागली. समोरासमोरच्या दोन बाकांवर बसलेली माणसं नाकाला रुमाल लावून एकमेकांकडे संशयाने बघायची. चर्चपुढे गाडी थांबली की फादर आतून डोकावायचे, त्यांना वाटायचं कुणीतरी परस्पर धूप पेटवला. ही जीपनी माझा जावई एल्पिद्यो चालवतो. म्हणजे हातापायांनी तो चालवतो, तोंडाने मी. ड्रायव्हरशेजारची जागा माझी. "ब्रेक दाब. आता गिअर टाक. टाक की गाढवा," असं मी सांगत असते आणि गाडी चालत असते. गाडीच्या कपाळावर मोठ्या लाल अक्षरांत नाव माझंच आहे. लेक रोसाल्वा बाजारात मासळी विकते, जावई माणसं वाहतो, आणि मी दोघांना वळण लावते. असं आमचं घर चाललेलं.

"रिंगा गेल्या, बोअर झिजलाय," एल्पिद्यो म्हणाला. तो मला नानाय म्हणतो, म्हणजे आई. "नानाय, इंजिन काढायलाच हवं. पासिंगचा महिना तोंडावर आलाय."

पासिंग चुकलं की रूटवरची आपली जागा दुसऱ्या गाडीला जाते, आणि एकदा गेलेली जागा परत मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा काढायलाच हवं होतं. पण आमच्या गल्लीत इंजिन काढणं ही खाजगी गोष्ट नसते. ज्याला त्याला सल्ला देण्याची उबळ येते. एकाने सांगितलं, जाड तेल ओता, धूर आपोआप दबतो. दुसरा म्हणाला, गिअरबॉक्समध्ये पिकलेली केळी घाला. धूर इंजिनातून येतोय म्हटलं, तर म्हणाला, मग केळी खा. शेजारची बेनिल्दा माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कुमारे म्हणतो. या नात्यात एकमेकींचं घर पारखायचा हक्क जन्मभराचा असतो. ती म्हणाली, "कुमारे, जावयावर सोडू नकोस. पुरुषमाणसाला स्वच्छ म्हणजे काय ते कळत नाही."

हे मला पटलं. इथेच माझं चुकायला सुरुवात झाली.

माझ्या घराच्या फरशीत तोंड दिसतं. अर्ध्या नारळाच्या सोडणावर पाय ठेवून मी ती स्वतः घासते. भांड्यांना इस-इसची पानं लावते. आमच्या अंगणात ते झाड आहे, पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. त्या पानांनी मी घासलेली कढई बघून गल्लीतल्या नव्या सुना रडल्या आहेत. अशा बाईच्या अंगणात एक काळाकुट्ट, तेलकट, भोकाभोकांचा लोखंडी ठोकळा येऊन पडला तर तिने काय हातावर हात ठेवून बसायचं?

पहिली चूक कॅपांची. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा फिरता दांडा बसतो, त्याला खालून धरणाऱ्या जाडजूड लोखंडी कॅपा असतात. दिसायला सगळ्या बहिणी बहिणी. एल्पिद्योने त्या गोणपाटावर ओळीने मांडल्या होत्या. तो रॉकेल आणायला गेला तेवढ्यात मी त्या धुतल्या, पुसल्या, आणि ताटल्या रचतात तशा एकावर एक रचून ठेवल्या. परत येऊन त्याने ते बघितलं आणि तो खालीच बसला.

"नानाय, ह्यांची ओळ मोडली?"

"ओळ काय मोडली! शाळा आहे का ही?"

मग कळलं की प्रत्येक कॅप ब्लॉकमधल्या आपापल्या जागेवर बसवूनच कोरलेली असते. जागा बदलली किंवा तोंड फिरलं की क्रँक जाम. म्हणून खोलायच्या आधीच पंचने ठिपके मारून ठेवायचे. पहिलीला एक, दुसरीला दोन. आमच्या कॅपांवर कुणीतरी पूर्वी मारलेले ठिपके होते आणि माझ्या हातून ते घासले गेले नव्हते, एवढीच देवाची कृपा. मिस्त्री तुर्यानोने भिंग लावून एकेक जुळवली. जुळवताना तो गुणगुणत होता. माणूस माझ्या चुकीवर गुणगुणतो तेव्हा मला तो आवडत नाही.

तुर्यानो म्हणजे गावातला बोअर मारणारा, झिजलेले सिलिंडर नव्याने कोरून देणारा मिस्त्री. हात सोन्याचा, आणि ते त्याला स्वतःला इतकं ठाऊक की दिवसातून चार वेळा तो तसं सांगतो. त्याने ब्लॉक उकळत्या टाकीत बुडवून काढला, तडा आहे का बघितलं, नवे पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारणार नाही म्हणाला. "पायाचं माप घेतल्याशिवाय बूट शिवतात का?" तेही खरं. बोअर मारून झाल्यावर मात्र त्याने एक काम माझ्याकडे दिलं: धुणं. आत लोखंडाची पीठासारखी बारीक पूड राहते, रॉकेलने ती जात नाही. गरम पाणी, साबण आणि लांब ब्रश. तेलाची भोकंसुद्धा आरपार घासायची. पांढरं फडकं आतून फिरवायचं, ते पांढरंच बाहेर आलं की झालं. लगेच कोरडं करून तेल लावायचं, नाहीतर एक कॉफी पिऊन होईस्तोवर गंज धरतो.

माझं फडकं पांढरं आलं. तुर्यानोने दोनदा बघितलं. "आलिंग इलार्या," तो म्हणाला, "तीस वर्षांत असा धुतलेला ब्लॉक बघितला नाही." गिऱ्हाइकं ऐकत होती. मी घरी चालत आले, पण माझे पाय काही जमिनीला लागत नव्हते.

स्तुती पचवायला फार मोठं पोट लागतं. ते माझं नव्हतं, हे दुसऱ्याच दिवशी सिद्ध झालं. अंगणात ब्लॉक ठेवलेला, बेनिल्दा बघायला आलेली, आणि मी तिला एकेक भाग दाखवत होते. सिलिंडरच्या आत डोकावले तर भिंतीवर सगळ्या तिरक्या तिरक्या, एकमेकींना कापणाऱ्या बारीक रेघा! एवढं काम करून ओरखडे? मी इस-इसचं पान घेतलं आणि हात आत घातला. तेवढ्यात एल्पिद्योने धावत येऊन माझं मनगट धरलं.

"नानाय, नको! त्या रेघा मुद्दाम मारल्यात. तेल त्यांच्यातच थांबतं. भिंत गुळगुळीत झाली की रिंगा कोरड्या फिरतील, पुन्हा धूर."

बरोबर होतं त्याचं. पण माझं मनगट धरलं! माझ्या नवऱ्याने, देव त्याला शांती देवो, कधी धरलं नव्हतं. त्याची छातीच झाली नसती. आणि हे बेनिल्दासमोर. ती पंख्याने वारा घेत म्हणाली, "शिकलास रे बाबा, सासूला शिकवायला लागलास." मी हात धुतले आणि मनाशी म्हटलं, या इंजिनाबद्दल यापुढे या माणसाला एक अक्षर विचारायचं नाही.

आता कोपऱ्याकडे येते.

ब्लॉकच्या वरचा सपाट भाग, ज्याच्यावर इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, बसतं, तो तुर्यानोने रंधा मारल्यासारखा सरळ केला होता. आरशासारखा. पण एका कडेला बोटभर पट्टी तशीच राहिली होती, काळी, मळकी. बेनिल्दाची नजर माशीसारखी, जखम असेल तिथेच बसते.

"कुमारे, हा कोपरा राहिलाय की ग."

"राहिलाय खरा."

"पैसे पूर्ण घेतले असतील."

मी पान घासून बघितलं. काजळी थोडी निघाली आणि खाली काहीतरी खोदल्यासारखं दिसलं. मला वाचता येतं, थोडंफार. चष्मा लागतो. पण चष्मा मी चारचौघांत लावत नाही, त्याने बाई म्हातारी दिसते. एल्पिद्यो हेड आणि ब्लॉकच्या मध्ये घालायचं गॅस्केट आणायला गेला होता. तो असता तरी मी विचारलं नसतं, हे वर सांगितलंच आहे. मी म्हटलं, हेही ओरखडेच. त्या रेघा मुद्दामच्या, पण बाहेरच्या पट्टीवर तेल थांबवून काय करायचंय?

ट्रायसिकलवाला आणि त्याचा मेहुणा, दोघांनी कण्हत कण्हत ब्लॉक चढवला. मी वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा तुर्यानोपुढे बरीच गिऱ्हाइकं उभी होती. मला गिऱ्हाइकं बघून जास्त चेव येतो, हा माझा जुना आजार.

"तुर्यानो, ताट धुताना कड सोडून देतोस का रे?"

"काय झालं, आलिंग?"

"हा कोपरा बघ. घोड्याला आंघोळ घातली आणि शेपूट कोरडी!"

"अहो, तो कोपरा म्हणजे—"

"तोंड उघडू नकोस, मशीन उघड."

"पण तिथे—"

"पण नाही नि बिण नाही. तीस वर्षांत असं धुणं बघितलं नाही म्हणालास ना? मग माझ्या शेजारी तुझं हे अर्धवट काम शोभतं का?"

"एल्पिद्योला विचारलंत का?" तो म्हणाला.

त्याने नेमकं तेच विचारायला नको होतं. "माझ्या इंजिनाचं मी जावयाला विचारू?"

गिऱ्हाइकांत कुणीतरी खोकलं. तुर्यानोने हाताची घडी घातली. आमच्या बातांगास भागातला माणूस, इथे मान सुरीच्या पात्यासारखी ताठ असते. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ठीक. तुमचं इंजिन, तुमची जीभ. पट्टी खाली आहे, ती काढायची तर अख्खा माथा तेवढा उतरवावा लागेल. गॅस्केट जाड घ्या." आणि त्याने मशीन सुरू केलं. कोपरा माझ्या डोळ्यांदेखत उजळला. मी विजयी मुद्रेने गिऱ्हाइकांकडे बघितलं. ती सगळी छताकडे बघत होती.

एल्पिद्योला मी फक्त एवढंच सांगितलं की गॅस्केट जाड आण, मिस्त्रीने निरोप दिलाय. त्याने हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर बाहेर, थोडे थोडे आवळले. इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. धूर नाही, खडखड नाही. मांजर कुशीत घेतल्यासारखा आवाज. मी गल्लीला जाड नूडल्सची लोमी खायला घातली. बेनिल्दाने दोन वाडगे खाल्ले आणि म्हणाली, मीठ बेताचंच आहे.

मग आम्ही पासिंगला गेलो. एल्पिद्यो इस्त्रीच्या शर्टात, मी पुढच्या जागेवर. ऑफिसचा माणूस कागद आणि पेन्सिल घेऊन आला. इंजिनावर नंबर खोदलेला असतो. त्याच्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. त्याने घासलं. कागद नुसता काळा झाला. त्याने कागद बदलला, पुन्हा घासलं.

"नंबर कुठाय?"

एल्पिद्यो वाकला. त्याने बोट फिरवलं त्या कोपऱ्यावर. माझ्या गुळगुळीत, चकचकीत कोपऱ्यावर. मग हळूच मान वळवून त्याने माझ्याकडे बघितलं. पुन्हा इंजिनात डोकं घातलं, जणू नंबर निसटून आत पडला असेल.

मला तेव्हाच सगळं कळलं. काजळीखाली दिसले होते ते ओरखडे नव्हते.

नंबर नसलेलं इंजिन म्हणजे चोरीचं इंजिन, असा नियम. गाडी पोलिसांच्या आवारात उभी राहिली. त्यांनी कोपऱ्यावर औषध लावून बघितलं. वरवर घासलेला नंबर त्याने म्हणे भुतासारखा वर येतो. आमचा नाही आला. काम तुर्यानोच्या हातचं, भूतसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. तिकडे रूटवर आमच्या वेळेला दुसऱ्याच्या गाड्या माणसं भरू लागल्या. आता मिस्त्रीने लेखी दिलं तरच काही होईल, असं सांगण्यात आलं. मी तुर्यानोकडे गेले. या खेपेला हळू आवाजात.

"लिहून देतो की," तो म्हणाला. "जसं झालं तसं लिहीन. आलिंग इलार्याने हुकूम केला आणि मला तोंड उघडू दिलं नाही."

"एवढं सगळं कशाला? नुसतं 'चुकून' लिही."

"चुकून? माझ्या हातून?" तो असा दुखावला, जणू मी त्याला चोर म्हटलं. "मी पोटासाठी खोटं बोललो असतो, आलिंग. नाव घालवायला नाही बोलणार."

मी उठून आले. माझी मान वाकणार नाही, त्याचा हात चुकणार नाही, आणि गाडी पोलिसांच्या उन्हात. गल्लीतले सल्ले पुन्हा सुरू झाले. रातोरात नवा नंबर ठोकून घ्या. गाडी डोंगरापलीकडे विका. बेनिल्दा लोकांना सांगत होती, "माझी कुमारे चोरी करणारी नाही हो. जावयाचं मी सांगू शकत नाही."

हे वाक्य फिरत फिरत पोलिसांपर्यंत गेलं असावं, कारण बोलावणं आलं ते एल्पिद्योला. समाधानकारक उत्तर नाही मिळालं तर चोरीचा गुन्हा त्याच्यावर, गाडी जप्त. तुर्यानोलाही बोलावलं होतं. बेनिल्दा न बोलावता आली होती.

अधिकारी कोवळा होता. "बसा, लोला," म्हणून त्याने मला खुर्ची दिली. लोला! आजी! एरवी मी त्याची आजी काढली असती. निमूट बसले.

"इंजिनाचा नंबर कुणी काढला?"

"मी, साहेब," एल्पिद्यो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"का?"

"माझ्या लक्षात आलं नाही. वाटलं, मळ आहे."

"किती वर्षं गाडी चालवतोस?"

"बरीच, साहेब."

"आणि नंबर कळत नाही? गाढव आहेस का तू?"

खोलीत सगळे हसले. एल्पिद्योही थोडासा हसला, मार खाणारा माणूस हसतो तसा. हे हसू मी रोज बघत आले आहे. मी त्याला गाढव म्हणते तेव्हा तो असाच हसतो, आणि मला वाटायचं, मजा वाटते त्याला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते कसं दिसतं ते मला पहिल्यांदाच दिसलं.

"ए मुला," मी उठून उभी राहिले, "त्याला गाढव म्हणायचा हक्क फक्त माझा आहे. आणि तोही आता राहिला की नाही, मला माहीत नाही. कोपरा मी काढायला लावला."

"नानाय, बसा," एल्पिद्यो पुटपुटला.

"तू गप रे. तुर्यानो! आता उघड तोंड."

तुर्यानो भिंतीशी टोपी चुरगाळत उभा होता. त्याने उघडलं. ताट, कड, घोडा, शेपूट, सगळं सांगितलं. माझा आवाजही काढून दाखवला, आणि चांगला काढला. अधिकारी टाइप करत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "लोला, कारण काय लिहू?"

"घाण दिसत होतं," मी म्हटलं.

या वेळी अधिकारीही हसला, आणि सगळ्यांत वर बेनिल्दाचा आवाज. अधिकाऱ्याने कागद मोठ्याने वाचून दाखवला: अर्जदार बाईंनी अतिस्वच्छतेच्या भरात. मग सहीसाठी पुढे सरकवला. कुठे करायची ते मला दिसेना. मी पिशवीतून चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर लावला. त्या काचांतून बेनिल्दाचं हसू मला फारच स्पष्ट दिसलं. चष्म्याचा हा तोटा.

इंजिन विकत घेतल्याची पावती होती, तीन जबान्या झाल्या, नवा नंबर मिळाला. पोलिसांदेखत तुर्यानोने तो पंचने ठोकला, एकेक आकडा कवायतीला उभा केल्यासारखा सरळ. पासिंग झालं, रूटवरची जागा थोडक्यात वाचली. वर्कशॉपमध्ये आता पाटी लागली आहे: नंबराच्या पट्टीला हात लावला जाणार नाही, कुणीही ओरडलं तरी. नाव घातलेलं नाही. लोक विचारतात, तो सांगतो.

हे सगळं सोसलं असतं मी. पण जावयाला एक शब्द म्हणायचा होता, तो काही तोंडातून निघेना. जिभेला सवयच नाही. घरी मी त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. त्याने तो रोसाल्वाच्या ताटात सरकवला. रागाने नव्हे, नेहमी सरकवतो तसाच. कॉफीत साखर जास्त घातली. त्याने ती गुपचूप प्यायली, आणि तो बिनसाखरेची पितो हे मला लेकीने नंतर सांगितलं. त्याच्या ब्लॉकबद्दल मला काही ठाऊक नव्हतं ते ठीक, त्याच्या कॉफीबद्दलही नव्हतं.

गाडी पुन्हा रूटवर लागली त्या दिवशी मी बाजारात उभी राहिले, आणि पुढच्या जागेकडे गेलेच नाही. मागच्या दारातून चढले. दाराशीच, टोकाला बसले, जिथे धूळ येते. समोर बेनिल्दा, मांडीवर कोंबडी घेऊन. तिचा पंखा थांबला.

मी बटव्यातून नाणं काढून शेजारणीच्या हातात दिलं. "भाडं पुढे द्या." नाणं या हातातून त्या हातात करत ड्रायव्हरपर्यंत गेलं. या गाडीत मी आयुष्यात भाडं दिलेलं नाही.

आरशात एल्पिद्योचे डोळे दिसले. इतर कुणाला विचारतो तसंच त्याने विचारलं, "कुठून बसलं?"

"बाजारातून," मी म्हटलं. आणि मग, बेनिल्दाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "म्हातारं माणूस आहे. एक."

मग म्हाताऱ्यांच्या सवलतीची सुटी नाणी एकेका हातातून मागे आली. मी मुठीत घेतली. गाडी खच्चून भरली होती. दोघं तर मागच्या पायरीला लटकले होते. आणि तरी गाडी हलेना. माणसं कुरकुरायला लागली. मी वाकून पुढे बघितलं. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. कुणालाच त्याने बसू दिलं नव्हतं.

"अरे, काय झालं? बंद पडली का?" कुणीतरी ओरडलं.

"नाही," एल्पिद्यो आरशात बघत म्हणाला, "गिअर टाक म्हणून कुणी सांगितलं नाही अजून."

मी मुठीतली नाणी बटव्यात टाकली.

"टाक की मग, गाढवा."

आणि त्याने टाकला.